बाकावरून उठलेला इंग्रजीचा तास

सकाळी नऊच्या सुमारास टिळकवाडीतून चालत माझ्या दवाखान्याकडे येताना वाटेत दोन बालवाड्या लागतात. दोघींच्याही पाटीवर 'प्ले-वे' हा शब्द आहे. इंदूरला मुलीकडे जातो तेव्हा तिच्या कॉलनीतही तीच पाटी दिसते, आणि बडोद्याला मेहुण्यांच्या घरासमोरही. आत तीन-चार वर्षांची मुले रंगीत ठोकळे घेऊन बसलेली असतात. एकदा एका संचालिकाबाईंना मी विचारले की हा शब्द आला कुठून. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, एखाद्या कंपनीचे नाव असेल बहुतेक."

ते कंपनीचे नाव नाही. १९१७ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या एका पुस्तकाचे ते नाव आहे, आणि शब्द जगभर रूढ झाला तो त्या पुस्तकामुळे. गंमत अशी की पुस्तक बालवाडीविषयी मुळीच नाही. ते लिहिले एका हायस्कूलच्या इंग्रजी शिक्षकाने, आणि त्यात खेळणारी मुले दहा ते पंधरा वर्षांची आहेत. ती शेक्सपिअर खेळतात, पोवाड्यासारखी कथागीते रचतात, स्वतः नाटके लिहितात, आणि हे सगळे शाळेच्या वेळापत्रकातल्या इंग्रजीच्या तासाला. तो शब्द आपल्याकडे येता येता एवढा आखडला कसा, आणि त्या आखडण्यात आपल्या मुलांचे काय गेले, एवढेच या लेखात मला सांगायचे आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. पण सीमाभागात वाढलेल्या, मराठीत शिकलेल्या आणि इंग्रजीपुढे अडखळलेल्या माणसाला या इतिहासाशी काही देणेघेणे आहे, असे मला वाटते.

आधी इंग्लंडची तेव्हाची परिस्थिती पाहू. १८६२ साली तिथल्या सरकारने प्राथमिक शाळांना अनुदान देण्याची एक पद्धत काढली. तपासनीस येणार, एकेका मुलाची वाचन, लेखन आणि गणितात परीक्षा घेणार, आणि उत्तीर्ण झालेल्या डोक्यांप्रमाणे शाळेला पैसे मिळणार. निकाल तसा पैसा. ही पद्धत जवळजवळ तीस-पस्तीस वर्षे चालली. परिणाम काय झाला, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मुले वाचनाचे पुस्तक पाठ करू लागली, शिक्षक तपासनीसाच्या तारखेवर डोळा ठेवून शिकवू लागले, आणि वर्गात मुलांनी गप्प बसणे हाच सद्गुण ठरला. पद्धत गेली, तरी तिने लावलेली सवय गेली नाही.

ही सवय मोडणारी पहिली बाई एका खेड्यात होती. ससेक्समधल्या सॉम्प्टिंग गावच्या छोट्या शाळेत हॅरिएट फिनले-जॉन्सन १८९७ मध्ये मुख्याध्यापिका झाल्या. मुले शेतमजुरांची वगैरे, साध्या घरांतली. या बाईंनी इतिहास, भूगोल, वाङ्मय, जे काही शिकवायचे ते मुलांकडून अभिनीत करून घ्यायला सुरुवात केली. वॉल्टर स्कॉटची 'आयव्हान्हो' कादंबरी मुलांनीच नाटकात बसवली. संवाद मुलांचे, साहित्य घरातून आणलेले, आणि प्रेक्षक कुणी नाही, कारण वर्गातले सगळेच कशात ना कशात गुंतलेले. या पद्धतीवरचे त्यांचे पुस्तक १९११ च्या सुमारास निघाले, तेव्हा लग्नामुळे त्यांची नोकरी सुटलेली होती. एडमंड होम्स नावाचे प्राथमिक शाळांचे मुख्य तपासनीस ती शाळा पाहून इतके भारावले की १९११ मध्ये लिहिलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी त्या गावाला 'युटोपिया' आणि बाईंना 'इजेरिया' अशी टोपणनावे देऊन त्या शाळेचे वर्णन केले. ज्या खात्याने मुलांना गप्प केले, त्याच खात्याचा वरिष्ठ अधिकारी निवृत्तीच्या उंबरठ्यावर बोलता झाला. (याच होम्स साहेबांनी बुद्धाच्या तत्त्वज्ञानावरही एक पुस्तक लिहिले आहे. तपासनीस असून माणूस विचारी होता.)

आता हायस्कूलकडे येऊ. केंब्रिजमध्ये पर्स स्कूल नावाची शाळा आहे, १६१५ सालची. विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे मुख्याध्यापक होते डब्ल्यू. एच. डी. राऊझ. त्यांचा जन्म कलकत्त्याचा, १८६३ चा. संस्कृत आणि पालीचे जाणकार. जातककथांच्या इंग्रजी भाषांतरात त्यांचा मोठा वाटा आहे, आणि केंब्रिज विद्यापीठात ते संस्कृत शिकवीत. ग्रीक-लॅटिन ग्रंथांची 'लोब' ग्रंथमाला आपल्याकडच्या जुन्या महाविद्यालयीन ग्रंथालयांत दिसते, तिच्या पहिल्या संपादकांपैकी ते एक. या माणसाचा एक हट्ट होता. लॅटिन आणि ग्रीक या भाषा मेलेल्या मानल्या तरी त्या वर्गात बोलूनच शिकवायच्या. शिक्षक लॅटिनमध्ये सांगणार, "दार उघड", आणि मुलगा दार उघडता उघडता लॅटिनमध्येच सांगणार की मी दार उघडतो आहे. शब्द आणि कृती एकत्र. मुंजीत बटूला जसे प्रत्येक मंत्राबरोबर काही ना काही करावे लागते, तसेच काहीसे.

अशा मुख्याध्यापकाच्या हाताखाली १९११ साली हेन्री काल्डवेल कुक नावाचा तरुण इंग्रजीचा शिक्षक म्हणून आला. राऊझनी त्याला मोकळीक दिली, आणि त्याने वर्गाची घडीच मोडली. खालच्या वर्गांतल्या मुलांना तो 'लिटलमेन' म्हणे. वर्ग चालवायला मुलांमधलाच एक जण अधिकारी असे. मुलेच छोटी भाषणे देत, आणि ऐकणारी मुलेच त्यांवर टीका करीत. प्रत्येक मुलाने स्वतःचे एक काल्पनिक बेट कल्पून त्याचा नकाशा काढायचा आणि त्या बेटावरच्या गोष्टी लिहायच्या, असाही एक उद्योग होता. मुले कथागीते रचीत आणि ती मूकाभिनयाने सादर करीत. उत्तरेकडच्या जुन्या देवदेवतांच्या कथा घेऊन त्यांवर नाटके लिहीत. मुलांचे हे लेखन 'पर्स प्लेबुक्स' या नावाने छापलेही गेले. पुढे या कामासाठी वेगळी जागा झाली, छोटासा रंगमंच, पडदे, झगे, तलवारी असलेली. तिला 'ममरी' म्हणत.

शेक्सपिअरचे त्याने काय केले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. नाटकाचा पाठ आधी वाचायचा, कठीण शब्दांचे अर्थ सांगायचे, आणि मग वेळ उरला तर अभिनय, हा क्रम त्याने उलटा केला. पुस्तक हातात घेऊनच मुले उठत आणि प्रवेश सुरू होई. शब्द अडला की अडला. पात्राला तिथे काय हवे आहे, ते कुणावर चिडले आहे, हे कळले की अर्ध्या शब्दाचा अर्थ आपोआप लागतो, अर्धा विचारून घेता येतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की वाचून आणि ऐकून माणूस प्रवीण होत नाही, तो करून आणि अनुभवून होतो. आणि एक फरक त्याला फार महत्त्वाचा वाटे. वर्षाच्या शेवटी पालकांना दाखवायचे नाटक वेगळे, आणि रोजच्या तासातले नाटक वेगळे. पहिल्यात चार हुशार मुले झळकतात. दुसऱ्यात शेवटच्या बाकावरचा मुलगाही सैनिक होऊन का होईना, भाषेच्या आत शिरतो.

त्याचे 'द प्ले वे' प्रसिद्ध झाले तेव्हा महायुद्ध चालू होते आणि तो स्वतः सैन्यात होता. परत आल्यावर त्याने पुन्हा शाळा धरली आणि १९३३ पर्यंत शिकवले. त्याच्या वर्गाचे दोषही दिसतात. मुलांच्या रचनांत जुन्या इंग्रजीचा सोस फार आहे. बारा वर्षांचा मुलगा शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या भाटासारखे लिहू लागतो, तेव्हा ती आवड मुलाची किती आणि मास्तरांची किती, अशी शंका येते. शिवाय शाळा केंब्रिजची, घरे वाचनाची. पण बीज रुजले ते रुजलेच. चित्रपटकार हम्फ्री जेनिंग्ज आणि नट मारियस गोरिंग याच शाळेतून बाहेर पडले, आणि कुकनंतरच्या पिढीत पीटर हॉल, ज्याने पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनी उभी केली. ममरीतले काम पुढचे शिक्षक चालवीत राहिले. ख्रिस्टोफर पॅरी या शिक्षकाने १९७२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

सरकारी पातळीवरही हे पोचले. १९२१ मध्ये कवी हेन्री न्यूबोल्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने इंग्लंडमधील इंग्रजी अध्यापनाचा अहवाल दिला. समितीत डोव्हर विल्सन, कॅरोलाइन स्पर्जन, क्विलर-कूच यांच्यासारखी शेक्सपिअरची मोठी अभ्यासक मंडळी होती. शाळेतल्या नाटकाला त्या अहवालाने मानाची जागा दिली. नंतरची वाटचाल मी भराभर सांगतो. १९५४ मध्ये पीटर स्लेडचे बालनाट्यावरचे पुस्तक आले. १९६६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात ब्रिटन-अमेरिकेतले पन्नासएक इंग्रजीचे अध्यापक काही आठवडे एकत्र बसले, आणि नाटक व मुलांचे स्वतःचे बोलणे हे इंग्रजीच्या तासाच्या केंद्राशी आणावे, या विचाराने तिथे जोर धरला. डोरोथी हीथकोट या बाई, ज्या चौदाव्या वर्षी गिरणीत कामाला लागल्या होत्या, न्यूकॅसलला शिक्षकांना शिकवू लागल्या; शिक्षकाने स्वतः एखादी भूमिका घेऊन मुलांमध्ये उतरावे, ही त्यांची युक्ती. १९८६ पासून केंब्रिजमध्ये रेक्स गिब्सन यांनी शाळांसाठी शेक्सपिअरचा प्रकल्प चालवला आणि त्यातून शालेय आवृत्त्यांची एक मालाच निघाली, जिच्यात डाव्या पानावर टीपांबरोबर करून पाहण्याच्या कृती दिलेल्या असतात.

इथवर गोष्ट त्यांची झाली. आता आपल्या घराकडे वळू, कारण आपल्याकडे ही गोष्ट अगदीच परकी नाही.

वाचकहो, मराठी रंगभूमीवरचा शेक्सपिअर आला कुठून? इंग्रजीच्या वर्गातून. १८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकरांचे 'ऑथेल्लो' निघाले. विष्णु मोरेश्वर महाजनी हे शिक्षणखात्यातले गृहस्थ. त्यांनी 'सिंबेलीन'वरून 'तारा' लिहिले. ते इचलकरंजीकर नाटक मंडळीने बडोद्यात केले, त्या सुमारास बडोद्यात सयाजीरावांच्या पहिल्या लग्नाचा उत्सव होता. बडोद्याला इंग्रजी शिकवणाऱ्या हॅरॉल्ड लिटलडेल यांनी तो प्रयोग पाहिला आणि १८८० मध्ये लंडनच्या 'मॅकमिलन्स मॅगझीन'मध्ये त्यावर लेख लिहिला. बडोद्याच्या वाचकांना हे ठाऊक असेल. नसल्यास अभिमानाने ठाऊक करून घ्यावे, की 'सिंबेलीन' हे इंग्लंडातही क्वचित होणारे नाटक त्यांच्या गावी मराठीत रंगले होते.

न्यू इंग्लिश स्कूलचे गोपाळ गणेश आगरकर 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' करतात, १८८३ मध्ये. त्याच मंडळींतले, पुढे फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवणारे वासुदेव बाळकृष्ण केळकर 'टेमिंग ऑफ द श्रू'वरून 'त्राटिका' करतात. शाहूनगरवासी नाटक मंडळीचे गणपतराव जोशी काही कॉलेजातून आलेले नव्हते. त्यांना तालमी देण्यात केळकरांचा हात होता. म्हणजे इंग्रजीचे प्राध्यापक संध्याकाळी नाटकमंडळीच्या बिऱ्हाडी जाऊन, हे वाक्य कुठे तोडायचे, इथे आवाज का खाली येतो, हे उभे राहून सांगत होते.

आणि आमचे बेळगाव! गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर काही काळ बेळगावात शिक्षक होते. गोविंद बल्लाळ देवल बेळगावातच शिकले, १८७९ मध्ये मॅट्रिक झाले आणि तिथेच काही काळ शिक्षकही होते. पुढे १८९० मध्ये त्यांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' लिहिणारा माणूस एकेकाळी या गावच्या हायस्कुलातल्या फळ्यापुढे उभा होता, हे आठवले की कॅम्पातून जाताना माझी पावले जरा रेंगाळतात.

मग प्रश्न असा पडतो. नाटक ज्यांच्या रक्तात होते, असे हे शिक्षक. कुकच्याही तीस-चाळीस वर्षे आधीचे. तरी आपल्या हायस्कुलातला इंग्रजीचा तास बाकावरून उठला का नाही?

मला कारण दिसते ते परीक्षेत. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. मॅट्रिक ही नोकरीची किल्ली झाली, आणि मॅट्रिकला जे विचारतात तेच वर्गात शिकवायचे, हा नियम झाला. संदर्भासह स्पष्टीकरण, व्याकरण, भाषांतर, सारांश. तोंडाने बोलण्याला गुण नाहीत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी लिहिते झाले. त्या पुस्तकाचे उपकार मी विसरणार नाही, आमच्या घरी वडिलांची प्रत बाइंडिंग करून ठेवलेली होती. पण लिहिते होणे आणि बोलते होणे यांत अंतर राहिले. इंग्लंडात निकालावर पैसा देण्याच्या पद्धतीने जे केले, ते आपल्याकडे निकालावर नोकरी मिळण्याने केले. होम्ससारखा एखादा अधिकारी तिथे पश्चात्तापाने बोलला. इथे परीक्षा आपलीच झाली होती, मग बोलणार कोण?

नाटकाची हौस मात्र मेली नाही. तिला दुसरी जागा मिळाली, स्नेहसंमेलन. वर्षातून एकदा, डिसेंबरात किंवा जानेवारीत, मंडप, भाड्याचे कपडे, निवडलेली पाच-सहा मुले. तेही बहुधा मराठीत. इंग्रजीतली एखादी नाटिका झालीच तर ती पाहुण्यांना प्रभावित करण्यासाठी. कुकने ज्याला विरोध केला, नेमके तेच आपण पत्करले.

एक गोष्ट थोडी कडवट आहे, पण सांगतो. जेफ्री केंडल यांची 'शेक्सपिअराना' कंपनी १९४७ पासून काही वर्षे भारतभर फिरली. राजवाडे, कॉलेजे आणि मुख्यतः शाळा, अशा ठिकाणी त्यांनी इंग्रजी शेक्सपिअर केला. उत्पल दत्त त्या कंपनीत तयार झाले आणि पुढे त्यांनी बंगालीत 'मॅकबेथ' खेड्यापाड्यांत नेले. पण कंपनी ज्या शाळांत जाई त्या बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या, साहेबी थाटाच्या. ज्यांच्या घरी आधीच इंग्रजी होते त्यांना नाटक मिळाले. ज्यांच्या घरी नव्हते त्यांना गाईड मिळाले. आज सीमाभागातल्या मराठी शाळेतले मूल घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि वहीत इंग्रजी अशा तीन भाषा सांभाळते. १ नोव्हेंबर १९५६ पासून इथे भाषा हा भांडणाचा विषय आहे; बालपणात भाषेविषयी ऐकलेली पहिली वाक्ये बहुधा मोर्चाचीच असतात. अशा मुलाने तिसऱ्या भाषेत तोंड उघडावे यासाठी त्याला निर्भय जागा हवी. नाटकात बोलणारा तो नसतो, पात्र असते. चूक झाली तर ती राजाची, त्याची नव्हे. ही सवलत दुसरी कोणतीही अध्यापनपद्धती देत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या जैन समाजात पंचकल्याणक महोत्सव होतो; तीर्थंकरांच्या गर्भापासून मोक्षापर्यंतचे पाच प्रसंग गावातलीच माणसे साकारतात. कुणी सौधर्म इंद्र होतो, कुणी इंद्राणी, मुली अष्टकुमारिका होतात. आठवीत असताना मी इंद्रसभेतला एक देव झालो होतो. डोक्यावर कागदी मुकुट आणि वाट्याला हिंदीतले एकच वाक्य. हिंदी मला तेव्हा धड येत नव्हते. ते वाक्य आजही माझ्या तोंडी स्वरासकट येते. त्याच वर्षीच्या इंग्रजीच्या पुस्तकातली, शंभरदा घोकलेली एकही ओळ आठवत नाही.

पुढे होमिओपॅथीच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी मला 'ऑर्गनन'मधले ८४ वे सूत्र इंग्रजीत विचारले. ते मला तोंडपाठ होते, धडाधड म्हटले. परीक्षक हसून म्हणाले, आता तुमच्या शब्दांत सांगा. मी गप्प. दोन मिनिटे घाम पुसत उभा राहिलो. आणि सूत्र काय होते? रोग्याला त्याच्या शब्दांत बोलू द्यावे, मध्ये तोंड घालू नये, तो जे शब्द वापरेल तेच वैद्याने लिहून घ्यावेत. गेली अनेक वर्षे मी दवाखान्यात रोज तेच करतो. रोग्याला स्वतःचे शब्द सापडायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. आपल्या इंग्रजीच्या वर्गाने मला तेवढा वेळ कधी दिला नव्हता.

तक्रारी मी ऐकल्या आहेत. वर्गात साठ मुले, शेजारी गणिताचा तास, गोंगाट होईल. पोर्शन पुरा होणार नाही. कुकची मुले केंब्रिजची होती. या शेवटच्या तक्रारीला उत्तर सॉम्प्टिंगच्या शेतमजुरांच्या मुलांत आहे. पहिलीला उत्तर सोपे नाही, हे मान्य करतो. साठ मुलांना एकदम उभे करणे आणि आवाज न होणे, या दोन गोष्टी एकत्र होत नाहीत. पोर्शनविषयी एवढेच म्हणेन की २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कलांशी जोडलेल्या शिक्षणाचा उल्लेख आला आहे, आणि तरी प्रश्नपत्रिकेचा साचा फारसा हललेला मला दिसत नाही. मुलांनी परक्या देशाचे संवाद पोपटासारखे म्हणावेत काय, असेही कुणी विचारते. देवलांनी 'ऑथेल्लो' पोपटासारखा म्हटला नव्हता. त्याचा त्यांनी झुंझारराव केला.

गेल्या वर्षी पावसाळ्यात गावाबाहेरच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आरोग्य तपासणीसाठी गेलो होतो. नववीच्या वर्गातून आरडाओरडा येत होता म्हणून डोकावलो. इंग्रजीच्या बाईंनी बाके भिंतीला लावली होती आणि 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला न्यायालयाचा प्रवेश, सोप्या इंग्रजीत लिहून घेतलेला, चालला होता. न्यायाधीशाच्या अंगावर कुणाची तरी काळी ओढणी. एका मुलाने भाजीच्या दुकानातून तराजू आणला होता, आणि शायलॉक झालेला मुलगा सुरी म्हणून लाकडी पट्टी घासत होता. पोर्शिया झालेल्या मुलीला एक इंग्रजी शब्द आठवेना. तिने हात उंचावून मराठीत सांगितले, "थेंबभर रक्त सांडायचं नाही!" आणि लगेच पुढचे वाक्य इंग्रजीत धरले. कुणी हसले नाही. मागे उभे राहिलेल्यांतला एक कन्नड घरचा मुलगा मात्र मोठ्याने म्हणाला, "सरी!"

बाई माझ्याकडे वळून ओशाळल्यासारख्या म्हणाल्या, "डॉक्टर, दोन धडे मागे पडलेत आमचे. मुख्याध्यापकांना सांगू नका हं."

मी तपासणीची वही मिटली आणि शायलॉकला नेतात तेवढे पाहून मग आठवीच्या वर्गात गेलो.